हळदीचा कागद

आज शाळा ओट्यावर भरली,
कारण टेबलावर काल उघडलेला मिक्सर तसाच पडलाय
आणि त्यातला एक स्क्रू, भरतेशच्या म्हणण्याप्रमाणे,
"पहिल्यापासनंच जास्त होता."

वखारभागातनं वर्धमाननं आणलेली हळद,
औषधाच्या दुकानातलं स्पिरिट चार चमचे,
चित्रकलेच्या वहीचं मागचं पान.
चंदनानं पट्ट्या कापल्या, बुडवल्या,
मोज्यांशेजारी दोरीवर वाळत घातल्या.
बोटं पिवळी. फ्रीजचं हँडल पिवळं.
"कुणाला लागली गं हळद?"
खालच्या मजल्यावरून बोडसकाकू.

मग घराची झडती.
लिंबू, काही नाही. ताक, काही नाही.
कपड्याचा साबण लागला मात्र,
कागद चपापला, विटेसारखा लाल.
बंबातली राख पाण्यात कालवली, लाल.
तात्यांच्या डबीतला चुना
इतका लाल, की भरतेश दोन पावलं मागं सरला.
त्याच डागावर चंदनानं लिंबू पिळलं
आणि लाल परत पिवळं झालं,
रुसलेलं माणूस जेवायला येऊन बसावं तसं.

मी शाळेत होते तेव्हा
"हळद हा नैसर्गिक दर्शक आहे" हे वाक्य
पाचदा लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.
हळद घरी होती. साबण घरी होता.
दोघांची गाठ घालून द्यायचं कुणाला सुचलं नाही,
मलाही.

आमचं हे ठरवून झालेलं नाही.
पुराच्या साली वर्गात गाळ होता गुडघाभर,
आम्ही वरच्या मजल्यावर, खाली पाणी,
आणि रडू नये म्हणून चंदनाला मी खडू दिला.
दर तासाला जिन्यावर एक रेघ.
रात्री अडीचला तिनं मला हलवून उठवलं,
"आई, दोन रेघा एकाच ठिकाणी आल्या."
पाणी थांबल्याचं रेडिओआधी आम्हाला कळलं.
ती सहा वर्षांची होती.
नंतर वर्ग धुतले, बाकं आली, घंटा लागली,
पण आमचा खडू काही खाली ठेवला गेला नाही.

दुपारी एका स्कूटरवर तिघं, हरिपूरला.
एका बाटलीत कृष्णा, दुसरीत वारणा,
तिसरी जिथं दोघी मिळतात तिथली.
नावाडी म्हणाला, "शाळा न्हाई व्हय रं आज?"
"चालू हाय की," भरतेश म्हणाला,
पँट मांडीपर्यंत वर, हातात बाटली.
नावाडी थोडा वेळ बघत राहिला,
मग वल्हं टेकवून म्हणाला, "मधलं घ्या, काठाचं घाण असतंय,"
आणि तिघांना आत नेलं. पैसे घेतले नाहीत.

बाटल्या आता खिडकीत आहेत.
गाळ बसतोय. दोऱ्यानं मोजायचाय उद्या.

संध्याकाळी वन्संचा फोन.
दहावीचं काय? दाखल्यावर काय लिहिणार?
उद्या पोरांनी तुलाच विचारलं तर?
मी हो हो म्हटलं. ठेवला.
ओट्याकडं तोंड करून उभी राहिले जराशी.

"आई, थांब. पुसू नकोस."
भरतेश स्टुलावर चढला
आणि गालाला पट्टी लावली,
ओठ आवळून, थर्मामीटर बघावा तशी बघितली.
वहीत लिहिलं:
"डोळ्यातले पाणी. पिवळाच राहीला."
चंदनानं खालून वाचलं,
राहिलाची वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाली,
"एकदा बघून काही ठरत नसतं."
त्यानं खाली जोडलं: "परत बघावे लागेल."

रात्री भांडी घासताना
साबण माझ्या हाताला लागला.
पिवळी बोटं लाल झाली, सगळी दहा.
मी नळाखाली धरली.
परत पिवळी.