डेडस्टॉक

सचिवपदाची किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा
नागमणी म्याकल एवढंच म्हणाल्या,
"कपाटाचं दार जरा उचलून लाव."

आत गोळे, चादरीच्या तुकड्यांत गुंडाळलेले.
प्रत्येकाला एका कुशीवर झुकायची खोड.
सरळ टाकलास तर चुकेल,
असं त्या अशोक चौकातल्या पोरींना सांगायच्या.
जॅककडे बघू नको,
त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघ
आणि सोड.

टॉवेलच्या कारखान्यातून सुटून थेट मैदानावर,
केसांत सुताचा भुसा तसाच.
त्यांचा गोळा आधी लांबच जायचा, ओळख नसल्यासारखा,
आणि वेग पार संपता संपता
उसने परत करायला आल्यागत
वळायचा.

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
अशा गावात हिरवळीसाठी पाणी मागायचं!
पालिकेला चौदा पत्रं गेली.
पंधराव्यात बाईंनी हिरवळ हा शब्दच गाळला,
वृक्षारोपण लिहिलं.
टँकर आला. चार कडुनिंबही लावले,
खोटं नको म्हणून.

राष्ट्रीय स्पर्धेच्या वर्षी संघ चौघींचा,
मॅनेजर व्हायला कुणी तयार होईना.
यादीतलं पहिलं नाव
पट्टी धरून, लाल शाईनं, त्यांनीच काटलं.
बाकावर बसून राहिल्या चार दिवस,
मांडीवर परतीची तिकिटं
आणि शेंगाचटणीचा डबा.
हे मला इतरांकडून कळलं.

आज रजिस्टर ताडून बघतोय.
शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात:
गोळे सात.
आठवा बंडगर शिपायाच्या नातवाकडे.
मागू नये.