बादल्या भाड्याने

मुलांना घेऊन इथे काय काय करता येईल,
लोक मोटारीच्या काचेतूनच विचारतात.
मी बोट दाखवतो. ती तिकडे माझी लेक, कॅरिस,
टिचभर पोरांनाही कायाकमध्ये बसवते;
तिच्याकडची केशरी जाकिटं बघा,
सगळ्यात लहान मांजराला होईल एवढं.
कड्यावरून पायवाट जाते दीपस्तंभापर्यंत.
वाटेत सात फाटकं,
पाचव्यावर कुणीतरी रुसून बसतंच.
पाऊस आला, म्हणजे येणारच,
तर चर्चच्या हॉलमध्ये चहा, आणि टेगवेनच्या हातच्या
तव्यावरच्या गरम चकत्या, मनुका मोजून घातलेल्या.

माझ्याकडे बादल्या आहेत.

बादली, दोर, टोकाला जाळीची पुरचुंडी,
पुरचुंडीत बेकन.
गळ नाही. गळ मी ठेवत नाही.
नियम पाटीवर आहेत, दोन्ही भाषांत,
पोरं कुठल्याच भाषेत वाचत नाहीत म्हणून तोंडाने सांगतो:
एका बादलीत दहाच खेकडे.
पाणी समुद्राचं, नळाचं नाही.
बादली सावलीत.
आणि जाताना सगळे परत.

चाळीस वर्षं मी हेच खेकड्यांचे भाईबंद विकले.
पहाटे तीनला होडी, ओले पिंजरे ओढून
बोटांच्या भेगांत मीठ,
धक्क्यावर वजनकाटा आणि काट्यावर व्यापाऱ्याचा अंगठा.
पकडलेलं सोडून द्यायचे पैसे मिळतात,
असं सांगितलं असतं, तर बापाने
माझ्या डोक्यावर थंड पाणी ओतलं असतं.

एक आहे, फक्त डाव्या नांगीचा.
उजवी कुठे देऊन आला, त्यालाच ठाऊक.
सोमवारी लीड्सच्या जुळ्या बहिणींनी त्याला वर काढला,
मंगळवारी एका दंतवैद्याच्या मुलाने,
बुधवारी दोनदा.
दर घर नवं नाव ठेवतं.
तो बेकन खातो, फोटोला उभा राहतो,
उतारावरून तिरका तिरका घरी जातो.
अख्ख्या गावात त्याचाच धंदा बरा चाललाय.

बादलीतले खेकडे एकमेकांचे पाय ओढतात म्हणे.
मी रोज बघतो.
तळाशी धरायला दुसरं काही नसतं,
एवढंच दिसतं मला.

ऑगस्टातल्या त्या गुरुवारी
ओशिअन नावाचा मुलगा अकराला येऊन बसला.
आईबाप गाडीत. वायपर चालू,
काचेआड हातवारे, आवाज नाही.
त्याच्या दोन्ही बाजूंना आरडाओरडा:
आला, आला, धर, अगं बादली!
त्याचा दोर सरळ. पाण्यावर पावसाच्या टिकल्या.
एकदा सांगायला गेलो, की बाबा,
खांबाजवळ सोड, उघड्यावर कोण येतंय;
पण त्याने मान अशी वळवली,
की मी दुसऱ्याच कुणाचा तरी गुंता सोडवत बसलो.

चारला हॉर्न वाजला.
त्याने दोर गुंडाळला, माझ्यापेक्षा नीट.
पुरचुंडीची गाठ दातांनी सोडली
आणि विचारलं,
हे त्यांना असंच दिलं तर चालेल?

पाटीवर यावर काही नव्हतं.
चालेल, म्हटलं.

चार तुकडे केले त्याने. चार ठिकाणी टाकले,
एक इकडे, एक पार पायऱ्यांपाशी.
भांडतील ना एकत्र टाकले तर, म्हणाला.
मग बादली विसळली,
अनामतीचे दोन पौंड मोजून घेतले
(एकच नाणं होतं, तरी मोजलं)
आणि मागचं दार उघडून बसला.

मी धक्क्यावर गुडघे टेकून वाकलो.
या वयात ते सोपं नाही.
खाली काहीतरी हलत होतं, बऱ्याच पायांचं.
डाव्या नांगीचा त्यात होता की नाही, कोण जाणे,
भरती चढत होती, पाणी गढूळ होतं,
आणि कॅरिस वरून ओरडत होती,
पडशील, अप्पा, पडशील.