गाळी

उद्यमबागेतल्या आमच्या ओतशाळेत
भरमाण्णा कडोलकर भट्टीच्या भोकाशी निळी काच धरून बघायचा
आणि सांगायचा, अजून सात मिनटं.
सात म्हणजे सात.
घड्याळ होतं आमच्याकडं, खरं ते जेवणाच्या सुट्टीपुरतं.

तीस वर्षं त्यानं कोक खाल्ला.
म्हणजे भट्टीनं खाल्ला, ह्यानं उरलेला.
शिंकला की रुमालावर बुधवार उमटायचा.
बुधवारी रस काढायचो आम्ही, आणि शनिवारी.
त्या दोन दिवशी मागच्या चाळीतल्या बायका
दोरीवर धुणं टाकत नसत.
आमचा धूर त्यांच्या पंचांगात होता.

मग मालकाच्या मुलीनं, नेत्रावतीनं, विजेची भट्टी आणली.
तांब्याचं वेटोळं, त्यातून फिरतं पाणी.
ज्वाळा नाही.
नुसती गुणगुण, बंद दाराआड कुणी पाढे म्हणावेत तशी.
भोकच नाही, निळी काच कुठं धरायची?
पॅनेलवर आकडा येतो, चौदाशे पन्नास.
तो वाचायला मला बसवलं.
मला, ज्याला भरमाण्णानं कानाखाली देऊन शिकवलं
की रसाकडं पाठ करायची नाही.

वीज सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पंख्यांची, तसा करार झालाय.
बसलिंगानं कागद वाचून सांगितलं, गाळी करंट.
कन्नडात गाळी म्हणजे वारा.
आमच्यात गाळी म्हणजे शिवी.
भरमाण्णानं दोन्ही अर्थ एका दमात वापरले.

आणि वारं पडलं की?
पडलं की रायचूरकडचा कोळसा येतो त्याच तारेतून,
तार कुणाला गाव विचारत नाही.
म्हणजे अर्धं खोटं, तो म्हणाला.
अर्धं खरं, नेत्रावती म्हणाली.
भांडण तिथंच थांबलं, मिटलं नाही,
आमच्या भागातली बरीच थांबतात तसं.

जुनी भट्टी चार महिने गंजत उभी.
धुराड्यात पारवे.
गेल्या गुरुवारी ती गॅसनं कापली.
पत्र्याचा एकेक तुकडा भरमाण्णानं हातोडीनं वाजवून बघितला,
हा घे, हा नको, ह्याला जस्त लागलंय.
हे पॅनेलला ऐकू येत नाही.
मग बुधवारी ते तुकडे नव्या भट्टीत सोडले,
त्यानंच, स्वतःच्या हातानं.
एकाला पारव्याचं पीस चिकटलं होतं,
ते आत पोचलंच नाही, वरच्या वर गेलं.

नुसतं पोलाद वितळवून बीड होत नाही,
त्यात कार्बन घालावा लागतो.
काळी पूड, काट्यावर तोललेली, अठरा किलो.
ज्यानं ट्रकच्या ट्रक कोक उपसला
त्यानं ती पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली,
माझ्याकडं बघितलं.
एवढाच?
एवढाच.

रस साच्यात गेला.
रायबागेकडं कुठल्या तरी विहिरीवर
आता आमची भट्टी पाणी उपसणार.

सुटल्यावर तो मागच्या फाटकाशी रेंगाळला.
चाळीतल्या दोऱ्या रिकाम्या, सवयीनं.
एकीनंच काय ते धाडस केलेलं,
एक पांढरी चादर, वाऱ्यानं तट्ट फुगलेली.

गाळी, तो म्हणाला.
कुठल्या भाषेत म्हणाला,
मी विचारलं नाही.