पोपडा

मुद्देमाल क्रमांक चार : रंगाचा एक पोपडा,
तिळाएवढा.
किंचाओच्या वळणावर पाववाल्याच्या सायकलला चिकटलेला.
ओनोफ्रे वार्गास, वय एकसष्ट. पहाटेचं धुकं.
टोपलीतले पाव अजून गरम होते, म्हणतात.

पोर्तो मोंत, तिसरा मजला.
खिडकीतून समुद्र दिसेल असं वाटतं लोकांना;
दिसतं ते पार्किंग.
मी पोपडा राळेत बसवते, कड घासत आणते,
गोल गोल नाही, एकाच दिशेनं,
आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो उघडतो
उभ्या चिरलेल्या कांद्यासारखा.

वर पांढरा. खाली पिवळा.
मग हिरवा, जाड, आणि हा गाडीचा नव्हेच,
होडीच्या पोटाला देतात तो, तांबं घातलेला,
शिंपल्यांनी घर करू नये म्हणून.
कुण्या शहाण्यानं गाडीला फासला?
हसले मी. खरंच हसले.

हिरव्यात रुतलेला एक केस.
ब्रशचा. डुकराचा. टोकाला फाटे फुटलेला.

नऊ वर्षांची होते मी.
समुद्र लाल झाला त्या साली, शिंपले विषारी,
होडी पालथी पडून, आणि अर्धा डबा शिल्लक.
वाया कशाला घालवायचा, बाबा म्हणाले.
डावा मडगार्ड माझ्या वाट्याला आला.
ब्रशचे केस गळत होते.
राहू दे गं, कोण बघतंय.

थर पुन्हा मोजले. वरून खाली, खालून वर.
तसले डबे बेटावर शंभर घरांत गेले असतील.
एका पोपड्यावरून कुणाचं नाव घ्यायचं नसतं,
हे नव्या पोरांना मीच शिकवते.

गेल्या रविवारी भाऊ फोनवर म्हणाला,
गाडीला राखाडी रंग दिला, गंज फार चढला होता.
एवढ्या पावसात?
हो, म्हणाला, आणि आईच्या गुडघ्यांवर बोलत राहिला.

पोपड्यावर राखाडी नाही.
तीनदा पाहिलं. नाही.

हातमोजे काढले.
फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं :
तपासणाराचा वस्तूशी पूर्वसंबंध आहे,
नमुना दुसऱ्याकडे द्यावा.

‘संबंधाचे स्वरूप’ याच्यापुढं तीन कोऱ्या ओळी असतात.
मला एक पुरली :
हिरवा थर माझ्या हातचा आहे.