थोडी माती लागेल

फोनवर विशांत फडते विचारतो, फॅमिली केवढी?
मी म्हणते, तिघं. मी, आप्पा आणि टिकली.
आप्पा म्हणजे सासरे काय, असं आदरानं म्हणत
तो तळमजल्याचे फ्लॅट शोधायला लागतो.
खरं सांगायला मी दोन दिवस लावले.
आप्पा तेरा वर्षांचा, मागचे पाय वाळत चाललेले.
मिरजेला रक्ततपासणीच्या लॅबमागे सापडला,
तेव्हा माझ्या डब्यात मावला होता.

ताळगावात लिफ्टशेजारी लॅमिनेट केलेला नियम:
कुत्र्यांनी सामानाची लिफ्ट वापरावी.
सामानाची लिफ्ट बंद होती.
सेक्रेटरींनी विचारलं, भुंकतात का?
म्हटलं, तुम्ही बेल वाजवलीत तर.
ते हसले नाहीत.

करंझाळ्याला समुद्र हाकेवर,
पण वाळूवर आधीपासून अकरा जणांची पंचायत.
कान फाटलेला पिवळा सरपंच पुढे आला,
टिकलीला हुंगलं, आप्पाला हुंगलं,
जरा विचार केला
आणि आमचा अर्ज फेटाळला.

पर्वरीला हायवे. ट्रक मोजले, परत फिरले.

मळ्यात निळी-पिवळी घरं,
पायरीपायरीवर कुणीतरी फोटोसाठी उभं.
त्यांनी आप्पालाही फ्रेममध्ये घेतलं,
तो मुतत होता.

महिनाभरात एक विद्या शिकले:
फाटकाशी पाण्याची करवंटी आहे का,
असेल तर पाणी आजचं की डासांचं.
भर दुपारी चपला काढून डांबरावर उभी राहायचे,
दहा आकडे मोजायचे.
चहावाल्याला विचारायचे, फेस्ताचे फटाके किती रात्री?
तो म्हणायचा, मॅडम, तुम्ही घर बघताय की हॉस्पिटल?

आणि एक प्रश्न कुणालाच विचारला नाही.
जागा बघताना मी मनात फावडं घेऊन फिरत होते.
अंगणाला टाइल्स, मोकळ्या जागेला पेव्हर ब्लॉक,
झाडांच्या बुंध्यालासुद्धा सिमेंटची कॉलर.
तिसऱ्या मजल्यावरून कुठे उतरवणार होते मी त्याला,
त्या दिवशी?

रायबंदरला, फेरीच्या धक्क्यापासून चार घरं आत,
एर्मेलिंदाबाई व्हरांड्यातून उठल्या नाहीत,
मला बस म्हणाल्या नाहीत.
आप्पाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या,
हाचे पांय दुखतात, न्हय?
मग उठल्या. स्वयंपाकघर दाखवलं नाही,
न्हाणीघर दाखवलं नाही, सरळ मागे घेऊन गेल्या
बिंबलीच्या झाडाखाली.
हा पिलोत. हा लियांव. तो भिंतीकडचा मिंगेल,
कुणाशी पटलं नाही त्याचं, म्हणून लांब.
तीन ठिकाणी अबोली लावलेली.
चौथीकडे नुसती लाल माती, ओलसर.
जागो आसा, म्हणाल्या,
जणू बसमधली सीट दाखवतायत.

मी भाडं विचारायचं विसरले.
त्या विसरल्या नाहीत. अठरा हजार,
पाण्याचं बिल वेगळं, छप्पर गळलं तर बादली आपली.
मी सोळा म्हणाले. त्या काही न बोलता आत गेल्या,
बाहेर आल्या त्या कपभर काळा चहा घेऊन,
सतरा, म्हणाल्या, आणि चहा मलाच दिला.

सामान आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी
पोदेरानं भोंपू वाजवला,
टिकली त्याच्या सायकलमागे थेट फेरीत चढली.
चोडणला जाऊन परत आली, तिकीट न काढता,
तोंडात अर्धा पाव.

आप्पा दुपारी मागच्या दारानं स्वतःच उतरला.
बिंबलीखाली गोल फिरला, दोनदा,
पुढच्या पायांनी माती उकरली,
अंगापुरती, बेतानं,
आणि गार लागलं म्हणून त्यात लांब पसरला.

उठ, मी ओरडले, उठ तिथून आधी!
एर्मेलिंदाबाईंनी खिडकी उघडली, बंद केली.
त्यानं शेपटी एकदा आपटली,
थोडी धूळ उडाली,
आणि तो घोरायला लागला.