एकशे चाळीस किलो जास्त

पोर्ट ऑगस्टाच्या अलीकडे
पिवळं जाकीट घातलेली एक पोरगी हात दाखवते.
मी आरशात बघते: गाडीमागची गाडी
अजून वळणातून पुरती बाहेरही आलेली नाही.

"थांबवलं का?" मर्विन विचारतो.
त्याला आता फक्त कडा दिसतात.
मधोमध जे असेल ते धुरकट,
म्हणजे रस्ता, म्हणजे माझा चेहरा.
गेल्या हिवाळ्यात त्यानं परवाना टपालानं परत पाठवला
आणि किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.
त्याबद्दल आम्ही बोललो नाही.
बोललो ते कपलिंगबद्दल.

साखळ्या दांड्याखाली फुली करून ओढायच्या,
कपलिंग निसटलं तर दांडा त्या झोळीत पडावा,
डांबरावर नको.
शॅकलवर वजनाचा आकडा कोरलेला हवा, बोटानं वाच.
बॉलवर साधारण दहावा हिस्सा भार. कमी पडला
तर व्हॅन डुलायला लागते, आणि डुलायला लागली
की पाय ब्रेकवर नाही, नेरिडा, पाय उचल,
बोटानं फक्त व्हॅनचे ब्रेक लाव.
मागे घेताना स्टिअरिंग खालून धर,
हात जिकडे, व्हॅन तिकडे.
शाळेच्या मैदानात तीन शनिवार मी कचऱ्याचे डबे पाडले.
तो खुर्चीत बसून आवाजावरून सांगायचा:
हा रिकामा.
हा भरलेला.
हा डबा नव्हता.

पोरीचं नाव स्टाव्रूला, जाकिटावर लिहिलंय.
ती चाकांखाली सपाट काटे सरकवते.
पाटीवर पंचवीसशे. काट्यावर सव्वीसशे चाळीस.
"पाणी सोडून द्या. दोन्ही टाक्या. सुटलात."
पुढे नलारबॉर आहे.
बोलून झाल्यावर तीच आपल्या बुटांकडे बघते.
गाडीत काही हलवावं, तर गाडीचाही हिशेब काठोकाठ.

मग मर्विन उतरतो, व्हॅनला हात लावत लावत
मागच्या कप्प्यापर्यंत जातो
आणि पेट्या खाली मागवतो. तिन्ही.

खडीवर मांडी घालून बसतो. माशा तोंडावर.
पकडशेगडा. "हा राहील."
जास्तीचा ॲक्सल, ग्रीसच्या फडक्यात बाळंतवाणा गुंडाळलेला.
स्प्रिंगा. जुनी बॅटरी. दोन जॅक,
त्यातला एक दुसरा बिघडला तर.
पान्यांवरून तो अंगठा फिरवतो,
सोळा, सतरा, एकोणीस, न चुकता,
आणि सतरावर जरा थांबतो.
मी म्हणते, सतरा ठेव की, त्याचं वजन ते काय.
"एक ठेवला की सगळे ठेवावे लागतात," तो म्हणतो.

स्टाव्रूलाच्या मामाचं मागच्या गावात टायरचं दुकान.
तो पिकअप घेऊन येतो, पेट्या चढवतो,
पावती लिहायला लागतो. मर्विन नको म्हणतो.
मी घेते.

चोवीसशे शहाण्णव.
ती पोरगी कागदावर शिक्का मारते
आणि कुणी न सांगता माझ्या साखळ्या बघते. फुली बरोबर.

रात्री झुडपांच्या आडोशाला व्हॅन लावते.
पायऱ्या, पाय, गॅस. लेव्हल दारात धरते.
"बुडबुडा कुठं आहे?"
"मधे," मी म्हणते. बुडबुडा थोडा उजवीकडे आहे,
पण पाठ मोडलीय, आणि चाकाखालची फळी
आता पुन्हा काढायची म्हणजे.

तो खिशात हात घालतो.
बेअरिंगचा एक छर्रा, बोराएवढा,
कुठल्याच काट्यावर न चढलेला,
तो जमिनीवर ठेवतो आणि मान कलती करतो.
छर्रा विचार करतो. मग निघतो,
सिंकखालून, टेबलाखालून, घरंगळत,
पार डावीकडच्या कपाटाला टक्.

"डावं चाक," मर्विन म्हणतो. "बोटभर."
मी बॅटरी घेऊन खाली उतरते.