एफ-फाइव्ह

उद्यमबागेत, फौंड्रीच्या स्टोअरमध्ये
भावकाण्णा हलगेकर बसतात, पत्र्याखाली,
जिथं वाळूची धूळ की-बोर्डच्या फटींत
कायमची राहायला आलीय.
सोळा वर्षं त्यांनी एकच खिडकी उघडली:
राखाडी, चौकोनी, कोपऱ्यात निळं गिअर.
पिग आयर्न इतके टन, कोक इतका, रेझिनचे ड्रम इतके.
शेवटी एफ-फाइव्ह. सेव्ह.
न बघता जायचं बोट तिथं,
जेवताना घास तोंडाकडं जातो तसं.

मी आलो यादी घेऊन.
बेचाळीस कॉम्प्युटर, बेचाळीस आयकॉन काढायचे.
पुण्याच्या हेड ऑफिसचा मेल:
एक तारखेपासून सगळं ब्राउझरमध्ये.

"म्हंजे आता मशिनीत काय नाही?"
"नाही काका. सगळं वर."
त्यांनी वर बघितलं.
पत्रा होता.
एक कबूतर होतं.

डिस्पॅचच्या शोभा हिरेमठ दहा मिनिटांत शिकल्या,
दुपारपर्यंत त्यांचे अकरा टॅब, एकात इरकल साड्या.
अकाउंट्सच्या मुतगेकरनं पासवर्ड
भिंतीवर पेन्सिलीनं लिहिला, मला बघून पुसला,
मी वळल्यावर परत लिहिला असणार.

भावकाण्णांनी चलन पुढ्यात घेतलं.
सत्तावीस ओळी. एकेक आकडा
जिभेवर तोलून खाली ठेवला,
आणि
एफ-फाइव्ह.

पान पांढरं झालं, मग परत आलं,
ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखं.

ते काही बोलले नाहीत.
सत्तावीस ओळी पुन्हा भरल्या.
बोट पुन्हा गेलं.
तिसऱ्या खेपेला मी त्यांचं मनगट धरलं,
तर म्हणाले, "मला कळलंय रे.
खरं बोटाला कोण सांगणार?"

तेवढ्यात वरच्या कोपऱ्यातून
एक पट्टी घसरत खाली आली:
हे पान इंग्रजीत आहे. कन्नडमध्ये वाचायचं का?
खाली तीन बटणं. होय. नाही. नंतर विचारा.
भावकाण्णा चष्मा कपाळावर सरकवून हसले.
"विचारतोय तरी!
आमचा बा येळ्ळूरच्या त्याच घरात झोपला नि उठला,
खरं पत्त्याची शेवटची ओळ
दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवलेली."
मग माऊस धरला, हळू, अंडं धरावं तसा,
आणि दाबलं
नंतर विचारा.
"हे बटण बाला दाखवायला पाहिजे होतं."

बाहेर भट्टी ओतायची वेळ झाली.
सायरन झाला, इराण्णा कानडीत ओरडला, कुणी मराठीत उत्तर दिलं,
लोखंड साच्यात गेलं.
मी टेबलावरचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.
"काका, तुमची परवानगी असेल तर."
"काढ."
एफ-फाइव्हचं टोपण टक्कन उडालं,
खाली सोळा वर्षांची वाळू,
एक जिऱ्याचा दाणा, कुणाच्या तरी डब्यातला.

चौथ्यांदा सत्तावीस ओळी.
बोट गेलं, खड्ड्यात अडखळलं,
थांबलं.
मग स्वतःच वाट काढत
पानाच्या तळाशी असलेल्या हिरव्या बटणाकडं आलं,
नव्या घरात रात्री पाणी प्यायला उठल्यासारखं,
भिंत चाचपत.

संध्याकाळी पुण्याला कळवलं:
बेचाळीसपैकी बेचाळीस. काम पूर्ण.
हे खोटं होतं.
स्टोअरच्या मशिनीवर निळं गिअर मी ठेवलंय.
ते कशालाच जोडलेलं नाही,
उघडलं तर फक्त नाव विचारतं,
आणि भावकाण्णा रोज सकाळी नाव सांगतात,
उत्तराची वाट न बघता बंद करतात,
मग ब्राउझर.

जाताना दुसऱ्या गेटला अडकलो.
मालगाडी होती, लांबलचक, बहुतेक रिकामी.
खिशात स्कूटरचा खुळखुळा,
आणि त्यात ते टोपण,
एफ पुसट झालेला, पाच अजून ठळक.
अंगठ्यानं एकदा दाबून बघितलं.
गाडी गेली.
गेट उघडायला मात्र वेळ लागला.